निकालाआधीची निवड

लेस्टर,
रविवार, 18 मे 2025

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात आप्पांनी फोनवर जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मी अर्धवटच दिले, कारण थोरली शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसली होती आणि आपले बोलणे तिच्या कानावर पडू नये असे मला वाटत होते. परीक्षा अजून संपलेली नाही, निकाल ऑगस्टमध्ये लागणार, मग पदवीचा अभ्यासक्रम आताच कसा ठरवायचा आणि गुण कमी पडले तर पुढे काय, असा तो प्रश्न होता. या घरात सध्या दुसरा विषयच नाही, तेव्हा सविस्तर लिहिते. आई, तूही सगळे वाच. हे केवळ आप्पांसाठी नाही.

आपल्याकडे दादाच्या मुलाचा बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला. आता सीईटीचे गुण हाती आले की त्याचा गुणवत्ता क्रमांक ठरेल, आणि मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून तो महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरेल. म्हणजे आधी गुण आणि मग निवड. इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा आहे. इथे सर्व विद्यापीठांसाठी ‘यूकॅस’ नावाच्या एकाच संस्थेमार्फत अर्ज करायचा असतो, त्या अर्जात जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम मागता येतात आणि तो परीक्षेच्या कितीतरी आधी, बहुतेक अभ्यासक्रमांसाठी जानेवारीच्या अखेरीपर्यंत, भरावा लागतो. त्या वेळी मुलांकडे ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीच्या पातळीच्या परीक्षेचे, गुण नसतातच. शाळेतील शिक्षक प्रत्येक विषयात कोणती श्रेणी मिळेल याचा अंदाज कळवतात आणि त्या भरवशावर विद्यापीठे अमुक श्रेणी मिळाल्यास प्रवेश देऊ, असे अटीसह कळवतात. आपल्या थोरलीचे विषय गणित, भौतिकशास्त्र आणि भूगोल. शाळेने तिच्यासाठी गणितात ए, भूगोलात ए आणि भौतिकशास्त्रात बी असा अंदाज कळवला होता.

आप्पा, तुम्ही म्हणालात की हे म्हणजे धान्य मोजण्याआधी उक्ता सौदा करण्यासारखे झाले. इथल्या जाणकारांचेही मत फारसे वेगळे नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील जिल वाइनेस या संशोधिकेने 2016 साली दाखवून दिले होते की अंदाजाइतक्याच श्रेणी मिळवणारे विद्यार्थी जेमतेम 16 टक्के असतात आणि तब्बल 75 टक्क्यांच्या बाबतीत शाळेचा अंदाज प्रत्यक्ष निकालापेक्षा चढा निघतो. निकालानंतर प्रवेश देण्याची पद्धत आणावी काय, यावर सरकारने 2021 च्या जानेवारीत लोकांची मते मागवली आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो विचार सोडून दिला. विद्यापीठे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो, तेव्हा मधल्या काही आठवड्यांत सारी प्रवेशप्रक्रिया बसवणे कठीण, ही अडचण खरीच आहे. पण तिचा भार सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी उचलायचा, हे मला पटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. थोरलीने पाचही जागी स्थापत्य अभियांत्रिकीच मागितली होती आणि त्यांतल्या चार ठिकाणांहून अटीसह होकार आला. सगळे सुरळीत चालले असताना शाळेतल्या सराव परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात सी श्रेणी मिळाली, आणि तेव्हापासून तिच्या मनाने घेतले की हा विषय आपल्याला जमणार नाही, सबब अभियांत्रिकीचा नाद सोडून, ज्याला भौतिकशास्त्र लागत नाही आणि श्रेणीही थोडी खालची चालते, असे व्यवसाय व्यवस्थापनासारखे काहीतरी घ्यावे. ह्यांचेही सुरुवातीला तेच म्हणणे पडले. मुलीची झोप उडाली आहे, तर निदान ज्याची खात्री आहे ते पदरात पाडून घेऊ द्या, असे ते म्हणाले. बापाच्या जिवाला ते शोभते. पण मला ते मान्य झाले नाही, आणि का झाले नाही हेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझ्या मते ती दोन वेगवेगळे प्रश्न एकात मिसळत होती. तीन-चार वर्षे रोज कशाचा अभ्यास करायचा हा एक प्रश्न, आणि गुण घसरले तर जागा कशी राखायची हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी यूकॅसच्या पद्धतीतच सोय केलेली आहे; त्याची किंमत पहिल्या प्रश्नात मोजण्याचे कारण नाही. व्यवस्थापन वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण सराव परीक्षेच्या आधी तिने तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. नदी, पूल, बांध यांविषयी मात्र ती आपणहून बोलते. 2024 च्या जानेवारीत हेंक नावाच्या वादळाने आमच्या सोर नदीला पूर आला आणि जिल्ह्यातली अनेक घरे पाण्यात गेली, हे मी तेव्हा कळवले होते. इथे भूगोलात 20 टक्के गुण स्वतः क्षेत्रावर जाऊन केलेल्या अभ्यासाचे असतात. तिने त्यासाठी सोरच्या काठचा पूर घेतला आणि थंडीवाऱ्यात पात्राची रुंदी, खोली व प्रवाहाचा वेग मोजत हिंडली. आप्पा, तुमचे पाटबंधारे खात्यातले आयुष्य तिने ऐकलेले आहे, पण तेवढ्यासाठी कोणी काठावर गारठत उभे राहत नाही.

म्हणून एका शनिवारी आम्ही विद्यापीठांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमांचा तपशील उघडून बसलो आणि पहिल्या वर्षापासून कोणते विषय आहेत ते वाचले: संरचनांचे विश्लेषण, द्रव-यांत्रिकी, मृदा-यांत्रिकी, सर्वेक्षण, बांधकामाची सामग्री आणि गणित, गणित, गणित. तिची सी श्रेणी ज्या प्रकरणांमुळे आली, ती विद्युत्क्षेत्रे आणि अणुकेंद्राची होती. यांत्रिकीत आणि पदार्थांच्या गुणधर्मांत तिचे गुण चांगले होते, आणि स्थापत्यात रोजचे काम त्यांच्याशीच पडते. अंकांची एकूण बेरीज पाहून घाबरलेल्या मुलीला उत्तरपत्रिकेतले पान न् पान पाहिल्यावर धीर आला. ह्यांनाही ते पटले. एकूण श्रेणीवरून विषय सोडून देण्याआधी नेमके कुठे घसरलो हे पाहावे, एवढी साधी गोष्ट शाळेतही तिला कोणी सांगितली नव्हती, याचे मात्र नवल वाटते.

विषय ठरला, आता जोखमीचे पाहू. आलेल्या होकारांपैकी दोनच हाती ठेवता येतात आणि आम्हांला ते 4 जूनपर्यंत कळवायचे आहे. पहिल्याला ‘फर्म’ म्हणतात, म्हणजे अट पूर्ण झाली तर तिथेच जाणार अशी कबुली. दुसऱ्याला ‘इन्शुरन्स’ म्हणतात, म्हणजे पहिले हुकले तरच लागू होणारी जागा. लक्षात घ्या, ऑगस्टमध्ये या दोहोंतून आवडेल ते निवडण्याची मुभा नसते. पहिल्याची अट पूर्ण झाली की दुसरी जागा आपोआप रद्द होते. कित्येक मुले दोन्ही नामांकित विद्यापीठे घेतात, ज्यांच्या अटी सारख्याच असतात; मग एक हुकले की दुसरेही हुकते आणि राखीव जागा असून नसल्यासारखी होते. याउलट काही जण खालच्या अटीचे म्हणून असे ठिकाण लिहून ठेवतात, जिथे जाण्याची त्यांची मुळीच इच्छा नसते. माझा कटाक्ष एवढाच होता की दुसरी जागा पहिलीपेक्षा खरोखर खालच्या अटीची असावी आणि तरीही तिथे जाताना रडू येऊ नये.

त्यानुसार पहिले विद्यापीठ उत्तरेकडचे ठरले, ज्याची अट ए, ए, बी आहे, म्हणजे शाळेच्या अंदाजाइतकीच. दुसरे वेल्समधले, ज्याने तीन बी मागितले आहेत. गुणांच्या भाषेत सांगायचे तर यूकॅसच्या कोष्टकात सर्वांत वरच्या ए-स्टार श्रेणीला 56, एला 48, बीला 40 आणि सीला 32 गुण धरतात. पहिल्यासाठी 136 लागतील आणि दुसऱ्यासाठी 120. मधले अंतर दोन श्रेणींचे आहे. एखादी श्रेणी कमी पडूनही पहिले विद्यापीठ कधीकधी घेते, कारण त्यांनाही जागा भरायच्या असतात, पण ते आधीपासून गृहीत धरून चालता येत नाही. वेल्समधली जागा तिने स्वतः जाऊन पाहिली. तिथली जलविज्ञानाची प्रयोगशाळा तिला पहिल्या ठिकाणापेक्षा आवडली, हे ती दबक्या आवाजात कबूल करते, कारण तिच्या मैत्रिणींमध्ये पहिल्याचे नाव मोठे आहे.

आप्पा, तुम्ही विद्यापीठाच्या क्रमवारीविषयी विचारले होते. क्रमवारी मी पाहिली आणि बाजूला ठेवली. त्याऐवजी अभ्यासक्रमाला व्यावसायिक मान्यता आहे की नाही हे तपासले, कारण पुढे ‘चार्टर्ड इंजिनिअर’ म्हणजे व्यावसायिक संस्थेने अधिकृत ठरवलेला अभियंता व्हायचे तर ती उपयोगी पडते. इथली इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही संस्था 1818 सालची. थॉमस टेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष. अशा व्यावसायिक संस्थांचे संयुक्त मंडळ अभ्यासक्रमांची पाहणी करून मान्यता देते आणि ती दोन्ही ठिकाणी आहे. शिवाय तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेऊन पुढे गुण चांगले पडले तर चार वर्षांच्या एमईंग या मास्टर्स पातळीच्या पदवीकडे वळण्याची वाटही दोन्हीकडे खुली आहे. तेव्हा ऑगस्टमधल्या एका श्रेणीने तिचा मार्ग कायमचा बंद होत नाही. पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक विद्यापीठांत अंतिम श्रेणीत धरतही नाहीत. उत्तीर्ण व्हावे लागते एवढेच.

पैशांचे थोडक्यात. येत्या वर्षापासून फीची कमाल मर्यादा 9,535 पौंड होत आहे आणि ती इंग्लंड व वेल्स दोन्हीकडे सारखीच आहे, त्यामुळे स्वस्त-महाग पाहून निवड करण्याचा प्रश्न आला नाही. फीसाठी सरकारी कर्ज मिळते. वार्षिक मिळकत 25,000 पौंडांच्या वर गेल्यावर त्या वरच्या रकमेच्या 9 टक्के दराने ते फेडायचे आणि 40 वर्षांनंतर जे उरेल ते माफ होते. आई, जमिनीचा तुकडा विकण्याची भाषा कृपा करून पुन्हा काढू नकोस.

आणि दोन्ही जागा हुकल्या तर? मग ‘क्लिअरिंग’. देशभरातील विद्यापीठांच्या रिकाम्या जागांची यादी यूकॅसच्या संकेतस्थळावर असते. विद्यार्थ्याने स्वतः फोन करायचा, आपल्या श्रेणी सांगायच्या, आणि पुष्कळदा तिथल्या तिथे तोंडी होकार मिळतो. पालकांशी बोलायला ते तयार नसतात, ते एका अर्थी बरेच आहे. स्थापत्याच्या जागा क्लिअरिंगमध्ये बऱ्यापैकी निघतात. कुठल्या विद्यापीठांना फोन करायचे याची यादी आम्ही आताच करून ठेवणार आहोत, कारण निकालाच्या सकाळी डोके शांत राहीलच असे नाही. तेही नाही जमले, तर पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा पुन्हा देता येते. एक वर्ष मागे पडणे मला मोठे संकट वाटत नाही, ह्यांना वाटते. त्यावर आमचे एकमत झालेले नाही आणि ऑगस्टपर्यंत होण्याची गरजही नाही.

तिच्या परीक्षा सुरू झाल्या असून जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतील. तोवर तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. फोनवर पेपर कसा गेला हे तिला विचारू नका. झालेल्या पेपरविषयी बोलून ती पुढच्याची रात्र वाया घालवते. आणि दादाच्या मुलाचे टक्के तिला सांगू नका. त्याने उत्तम यश मिळवले, त्याचा मला मनापासून आनंद आहे आणि मी त्याला वेगळे पत्र लिहीत आहे, पण इथली श्रेणी आणि तिथले टक्के एका तराजूत बसत नाहीत, हे ठाऊक असूनही ती तुलना करत बसेल. विचारायचेच असेल तर आप्पांनी तिला सोरच्या मोजमापांविषयी विचारावे. प्रवाहाचा वेग मोजताना तिने जी पद्धत वापरली, तीत तुम्हांला काही खोट दिसली तर तीही बेलाशक सांगा. त्या विषयावर ती वाद घालते, आणि वाद घालताना तिला परीक्षेचे भान राहत नाही.

निकाल गुरुवारी, 14 ऑगस्टला आहे. इथे सकाळी आठच्या सुमारास यूकॅसच्या खात्यावर जागा मिळाली की नाही ते दिसेल; तुमच्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. त्या वेळी तुम्ही फोन करू नका, कारण क्लिअरिंगची वेळ आलीच तर तिचा आणि माझा दोघींचेही फोन मोकळे हवेत. दुपारच्या जेवणापर्यंत माझा फोन आला नाही तर तिचे फोन चालू आहेत असे समजा, आणि जेवून घ्या. आप्पांच्या गोळ्यांची वेळ चुकवू नका.

धाकटा आणि हे तुम्हां दोघांना नमस्कार सांगतात. दादा-वहिनींना माझा नमस्कार सांगावा.

तुमची लेक