मत वेगळं पडलं म्हणून अबोला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या परिवारांमध्ये, भीती शिरते आणि निवडणूक सरली की अबोला उरतो. भीतीबद्दल निदान कुजबुज तरी होते. अबोल्याबद्दल कोणी ब्र काढत नाही, म्हणून हे पत्र.

2024 साली गुड फ्रायडे 29 मार्चला होता आणि नागपूर लोकसभेचं मतदान 19 एप्रिलला. ऐन पवित्र सप्ताहात प्रचार तापलेला. त्या दिवसांत मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, मुलाचं मेडिकलमध्ये ऑपरेशन आहे, रक्त लागेल, प्रार्थनेत आठवण ठेवा. त्यांच्या मेसेजच्या वर एक प्रचाराचा व्हिडिओ, खाली त्याला उत्तर म्हणून दुसरा. मग 'तुम्ही समाजाशी गद्दारी करता', मग 'तुम्हीच विकले गेलात', आणि शेवटी दोघं ग्रुप सोडून गेले. त्या बाईंना संध्याकाळपर्यंत एक फोन गेला नाही.

ग्रुप सोडून गेलेले हे दोघं वर्षानुवर्षं एका बाकावर बसून एकाच पुस्तकातून गीतं गायचे. आता एक खिडकीशी बसतो, दुसरा दाराशी. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, मात्र दोघंही पुढे येतात, गुडघे टेकतात आणि एकमेकांकडे न बघता जागेवर परततात. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने स्पष्ट सांगितलंय: वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी जाऊन समेट करा. निवडणुकीच्या भांडणाला त्यातून सूट दिलेली नाही.

भीती खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा निघाली की घरी प्रार्थनासभा ठेवायची की नाही, यावर घराघरात वाद होतात. दलित ख्रिस्त्यांचं दुखणं तर फार जुनं. अनुसूचित जातींत कोणत्या धर्माचे लोक धरायचे हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. दीक्षाभूमीच्या या शहरात एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी बौद्ध असलेल्याला सवलत मिळते, ख्रिस्ती असलेल्याला मिळत नाही. अशा माणसाला 'देवावर सोपव, राजकारणात पडू नको' म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. चिंता करू नका असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात फिलिप्पैकरांना लिहितो खरा, पण ते वचन ऐकवण्याआधी समोरच्याचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घ्यावं.

तसंच, ज्याला गडरलाइन, नळ आणि मुलाची नोकरी यांपायी दुसऱ्या पक्षाला मत द्यावंसं वाटतं, त्याने विश्वास सोडला असं ठरवायचा अधिकार कोणाला आहे? महापालिकेला चार सदस्यांच्या प्रभागात एका मतदाराला चार मतं असतात. मी स्वतः ती वेगवेगळ्या पक्षांना दिली आहेत.

'आपला माणूसच उभा नाही, मग आपलं कोण?' हा प्रश्नही दर वेळी येतो. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. धार्मिक अल्पसंख्याकांच्या विधिमंडळातल्या राखीव जागा काढण्याचा निर्णय 1949 मध्ये झाला, तेव्हा ते त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहिले. शेजाऱ्यांवर एवढा भरवसा टाकणाऱ्यांचे आपण वारस आहोत. तो भरवसा पूर्ण फळला असं मी म्हणणार नाही, पण तो टाकताना ते घाबरलेले नव्हते.

पाळकसाहेबांना आणि फादरांनाही थोडं सांगायचं आहे. उमेदवार रविवारी भेटायला येतो, त्याला पुढे बोलावलं जातं, शाल घातली जाते, फोटो निघतो आणि अर्ध्या मंडळीच्या पोटात गोळा येतो. धर्मस्थळाचा वापर राजकीय प्रचारासाठी करायला 1988 च्या कायद्याने मनाई आहे. त्याला नमस्कार करावा, चहा द्यावा आणि इतरांसोबत बाकावर बसवावं.

सदर, मेकोसाबाग, मोहननगर, कुठल्याही पंथाचं चर्च असो, माझी एवढीच विनंती आहे. पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं, तशी निकालानंतरच्या रविवारी जिंकलेल्या आणि हरलेल्या सगळ्या उमेदवारांची नावं घेऊन प्रार्थना व्हावी. त्या आठवड्यात वडीलजनांनी ग्रुप सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जावं, आणि जाताना ज्याच्याशी त्याचं वाजलं त्यालाही सोबत न्यावं.

– एक ख्रिस्ती वाचक, मेकोसाबाग, नागपूर