ऑटोपायलट घेण्याआधी होडीचे चाक हलवून पाहा

संपादक महोदय,

उजनी धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन उतरणाऱ्या हौशी मंडळींच्या होड्यांवर पाण्याखालचे मासे दाखवणारा फिशफाइंडर आता नवलाचा राहिलेला नाही. पुढची चौकशी होडी आपोआप चालवणाऱ्या ऑटोपायलटची असते, आणि ती बहुतेक वेळा स्क्रीन किती इंची, कोणत्या कंपनीची, इथून सुरू होते. स्क्रीन ही सगळ्यात शेवटी ठरवायची वस्तू आहे. होडी वळते कशी, तिचे वजन किती आणि ऑटोपायलटकडून काम कोणते हवे, या तीन गोष्टी आधी ठरल्या की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

कामापासून सुरुवात करू. चिलापी, कटला, मरळ यांच्यासाठी गळ टाकणाऱ्याला बहुतांश वेळ एका जागी थांबायचे असते किंवा काठाकाठाने ताशी तीन-चार किलोमीटरने सरकायचे असते. समुद्रावरचा ऑटोपायलट यासाठी बनलेलाच नाही. तो मुख्य इंजिन चालू असताना सुकाणू फिरवून दिशा धरतो. वेग इतका खाली आला की पंख्याचे पाणी कमी पडते, होडी सुकाणूला जुमानत नाही आणि यंत्र उगाच डावे-उजवे करत बसते. एका जागी उभे राहणे तर त्याला जमतच नाही.

म्हणून चौदा ते अठरा फुटी फायबर होडी आणि दांड्याने वळवायचे, मागे बाहेरून लावलेले आउटबोर्ड इंजिन असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: जीपीएस असलेली विजेची ट्रोलिंग मोटर (होडी सावकाश ओढणारी छोटी मोटर) घ्यावी आणि ती पुढच्या टोकावर बसवावी. बैल पुढे जुंपले की गाडी मागोमाग सरळ येते, मागून ढकलली की तोंड फिरते. तसेच हे आहे. वारा सुटला की मोटर होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवून ओढत राहते आणि काही मीटरच्या वर्तुळात होडी धरून ठेवते. मिन कोटा कंपनीच्या स्पॉट-लॉकसारख्या सोयी हेच काम करतात. बुडालेल्या झाडांच्या खोडांत नांगर अडकण्याची कटकट वाचते. तरीही नांगर आणि वल्ही घरी ठेवू नयेत, कारण बॅटरी संपली की मोटर म्हणजे नुसते ओझे.

या मोटरींचा जोर पौंडात सांगतात. ढोबळ हिशेब असा: भरल्या होडीच्या दर ५० किलोंमागे १ किलो, म्हणजे सुमारे २.२ पौंड जोर. होडी, इंजिन, पेट्रोल, दोन माणसे आणि सामान मिळून ५५० किलो होत असतील तर ११ किलो, म्हणजे २४ पौंड पुरेसे. पण हा हिशेब शांत पाण्याचा आहे. फुगवट्यावर दुपारनंतरचा वारा अडवायला काहीच नसते, म्हणून दुपटीने धरावे आणि ५५ पौंडांची मोटर घ्यावी. ती १२ व्होल्टवर चालते आणि पूर्ण जोरात जवळपास ५० अँपिअर ओढते. सरासरी १५ अँपिअर धरले तर १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सहा तासांच्या आसपास पुरते. शिसे-आम्लाची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी होडीत टाकण्याचा मोह अनेकांना होतो. ती पन्नास किलोंच्या घरात जाते, उंच असल्याने कलंडते आणि आम्ल सांडते. लिथियम बॅटरी मात्र सोलापूरच्या उन्हात उघडी ठेवू नये. जास्त तापली की तिच्यातले संरक्षक सर्किट पुरवठा तोडते, तेही नेमके वाऱ्यात.

मोटरच्या दांड्याची लांबी मोजल्याशिवाय घेऊ नका. टोकावरच्या बैठकीपासून पाण्यापर्यंतचे अंतर, त्यात पंखा बुडायला ४५ सेंटिमीटर आणि लाटांसाठी आणखी १५ ते २०. टोक पाण्यापासून अर्धा मीटर वर असेल तर बेरीज ११० ते ११५ येते, म्हणजे ४८ इंची दांडा. आखूड दांड्याचा पंखा लाटेवर हवेत फिरतो, आवाज करतो आणि मासे पळवतो. जलपर्णी पंख्यात गुंडाळली तर मोटर एकदम जास्त प्रवाह ओढते. त्यासाठी बॅटरीजवळच ६० अँपिअरचा ब्रेकर हवा आणि वायर १६ चौरस मिलिमीटरची.

आता ज्यांच्या होडीला चाक आहे आणि जे होडी ट्रेलरवर घालून कोकणातही नेतात, त्यांच्याविषयी. त्यांना खरा ऑटोपायलट उपयोगी पडतो. पण आधी इंजिन हाताने धरून ठेवायला एकाला सांगावे आणि चाक हलवून पाहावे. केबलचे सुकाणू असेल आणि चाक चार-पाच सेंटिमीटर रिकामे फिरत असेल, तर ऑटोपायलट बसवण्यात अर्थ नाही. यंत्र त्या ढिलाईत दिशा शोधत राहील आणि मागे पाण्यावर सापासारखी रेघ उमटेल. आधी केबल बदला.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फिरणारे सुकाणू असेल तर ऑटोपायलटचा पंप निवडण्याआधी सिलिंडरचे घनफळ पाहा, ते त्याच्या माहितीपत्रकात मिळते. आउटबोर्डच्या सर्रास वापरातल्या सिलिंडरचे घनफळ १४० घन सेंटिमीटरच्या आसपास असते. रेमरीन या ऑटोपायलटच्या कंपनीच्या वर्गवारीत टाइप ०.५ पंप ५० ते ११० आणि टाइप १ पंप ८० ते २३० घन सेंटिमीटरसाठी आहे. म्हणजे इथे टाइप १ लागतो. पंप मिनिटाला एक लिटर तेल देत असेल तर सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साडेआठ सेकंदांत जाते, ते ठीक. पंप छोटा घेतला तर लाट होडी वळवून मोकळी होते तेव्हा सुकाणू निम्म्या वाटेवर असते. फार मोठा घेतला तर धक्के बसतात. पैसे वाचवायला स्वस्त पंप घेणे ही या खरेदीतली सगळ्यात महाग चूक आहे.

पंप जोडताना तीन ठिकाणी टी-आकाराचा जोड बसतो: डावी नळी, उजवी नळी आणि परतीची नळी. यात हवा राहिली की चाक स्पंजासारखे लागते आणि सुकाणू हळूहळू घसरते. हवा पूर्ण निघेपर्यंत तेल भरून चाक दोन्ही टोकांना फिरवत राहावे. तेल सुकाणूच्या कंपनीने सांगितलेलेच हवे. गाडीचे ब्रेक ऑइल कधीही नको, त्याने सील फुगून फाटतात.

वायरीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. पंप १० अँपिअर ओढत असेल आणि जाऊन-येऊन १० मीटर वायर असेल, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.७ व्होल्ट पडतात. ६ चौरस मिलिमीटरची घातली तर जेमतेम ०.३. शिवाय इंजिन सुरू करताना त्याच बॅटरीचा व्होल्टेज खाली बसला की ऑटोपायलट बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि लोक यंत्रालाच नावे ठेवतात. त्याला वेगळी बॅटरी द्या.

दिशा ओळखणारा सेन्सर इंजिन, स्पीकर, लोखंडी नांगर आणि जाड वायरींपासून किमान एक मीटर दूर ठेवावा. माशांच्या पेटीवर ठेवला आणि पेटीत लोखंडी हत्यारे पडली, तर त्या दिवशी उत्तर दिशा बदललीच. जुन्या फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) होकायंत्राला शांत पाण्यात सावकाश गोल फिरवून जुळवावे लागते: एका फेरीला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ, अशा किमान दोन फेऱ्या. फरक १५ अंशांपेक्षा जास्त दिसला तर जागाच चुकली आहे, सेन्सर हलवा. नवे नऊ-अक्षी सेन्सर हे काम बरेचसे स्वतः करतात आणि लाटेत कमी भरकटतात. पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चावेत.

यंत्रे एकमेकांना एनएमईए २००० या होडीवरच्या यंत्रांसाठीच्या ठरावीक पद्धतीच्या तारेने जोडतात. मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोकाचा रोधक, लागतो. वीज बंद करून मल्टिमीटरने दोन्ही डेटा तारांमध्ये मोजावे: ६० ओहम आले तर जोडणी बरोबर. १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे, किंवा तार कुठेतरी तुटली आहे.

पाण्यावर गेल्यावर आधी ऑटोपायलटची संवेदनशीलता कमी ठेवून पाहावी. होडी दिशा सोडून बराच वेळ भरकटली तर थोडी वाढवावी. सापासारखी रेघ दिसू लागली की एक पायरी मागे यावे. सावकाश ट्रोलिंग करताना मागे कापडी पाणछत्री सोडली तर इंजिनाला थोडा जास्त वेग देता येतो आणि सुकाणू पकड घेते.

आता धोके. ऑटोपायलटला समोरचे दिसत नाही. थर्माकोलच्या तुकड्यांवर तरंगणारी मच्छीमारांची जाळी, मत्स्यपालनाचे पिंजरे, काठच्या शेतकऱ्यांच्या पंपांचे पाइप आणि केबली, पाणी उतरल्यावर डोके वर काढणारे पळसदेवचे जुने मंदिर, यांतले काहीही तो ओळखत नाही. वळवाच्या झोताचा अंदाजही त्याला नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या पट्ट्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तो वादळी वाऱ्याने. आकाश काळे झाले की यंत्र बंद करून काठ गाठायचा. एकटे असाल तर धोका आणखी वेगळा: माणूस पाण्यात पडला तरी ऑटोपायलट होडी इमानाने सरळ पुढे नेत राहतो. लाइफ जॅकेट अंगात आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा पायाला बांधलेली, याशिवाय बटण दाबू नये. ट्रोलिंग मोटरचा रिमोट गळ्यात असावा, पेटीवर नव्हे.

राहिली एक गोष्ट, ती उजनीचीच आहे आणि कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. स्क्रीनवर साठवलेले मासेमारीचे ठिकाण म्हणजे फक्त अक्षांश-रेखांश. तिथे पाणी किती, हे धरण ठरवते. धरण भरले की पातळी ४९६.८३ मीटर असते. तिथपासून उपयुक्त साठा शून्य टक्के होईपर्यंत सुमारे सहा मीटर पाणी उतरते, आणि उजनी उणे होते तेव्हा आणखी खाली. दिवाळीत पाच मीटर पाण्यावरून आखलेली ऑटोपायलटची वाट मे महिन्यात मुरमावरून जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे त्या दिवसाची पातळी लिहून ठेवावी आणि आजची पातळी त्यातून वजा करावी. आपल्या वृत्तपत्रांत उजनीचा साठा टक्क्यांत ठळक छापून येतो. त्याशेजारी पातळी मीटरमध्येही रोज छापावी, ही विनंती.

आपले,
होड्यांच्या यंत्रकामातले दोन वाचक
सोलापूर