एग-मोर्तला जायच्या आधी हे वाच

सईबाळा,

रविवारी मैत्रिणींबरोबर एग-मोर्तला चाललीयेस ना, मग जायच्या आधी हे वाच, त्या गावाबद्दल इतकं वाचून झालंय की कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना.

नकाशात बघ, समुद्र गावापासून चांगला पाच-सहा किलोमीटर लांब आहे, आणि एकेकाळी हेच फ्रान्सच्या राजाचं भूमध्य समुद्रावरचं बंदर! तेव्हा मार्सेय बंदर फ्रान्सचं नव्हतं, तुझं मोंपेलिएसुद्धा आरागॉनच्या राजाकडे, म्हणून नवव्या लुईने १२४० च्या सुमाराला मठवाल्यांकडून ही दलदल घेतली आणि १२४८ ला इथूनच क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला निघाला. १२७० ला पुन्हा गेला तो ट्युनिसला आजारी पडून तिथेच वारला. तुम्ही चालाल तो दीडेक किलोमीटरचा तट त्याच्या मुलाने नि नातवाने बांधलाय. पुढे गाळ भरत गेला, १४८१ मध्ये मार्सेय फ्रान्सकडे आलं, मग या बंदराला कोण विचारतं. राहिलं ते मीठ, आपल्या उरणसारखी मिठागरं, फक्त पाणी शेवाळामुळे गुलाबी. फोटो काढा, पण १८९३ च्या ऑगस्टमध्ये तिथे कामाला आलेल्या इटालियन मजुरांना जमावाने ठार मारलं आणि कोर्टात सगळे आरोपी सुटले, हेही माहीत असू दे. पोटासाठी परमुलखात आलेली माणसं गं ती.

आणि कोंस्तांसचा बुरूज अजिबात चुकवू नकोस. सहा मीटर जाड भिंती. १६८५ नंतर कॅथलिक राजाच्या फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट ख्रिस्ती असणं हाच गुन्हा झाला आणि लपूनछपून प्रार्थनेला जाणाऱ्या बायकांना इथे कोंडायला लागले. मारी द्युराँ १७३० मध्ये आत गेली तेव्हा एकोणीस वर्षांची, तुझ्याहून लहान. भाऊ धर्मोपदेशक म्हणून हिला धरलं, त्याला तर १७३२ मध्ये तुमच्या मोंपेलिएतच फाशी दिलं. धर्म सोडते एवढं म्हणाली असती तरी सुटली असती, नाही म्हणाली. ३८ वर्षं, सई! आतून पत्रं लिहून सगळ्या जणींसाठी मदत मागायची, सुटली ती १७६८ मध्ये.

वरच्या खोलीत मधोमध जमिनीला गोल भोक आहे, त्याच्या दगडी काठावर ‘रेझिस्ते’ असं कोरलंय, झुंजत राहा म्हणून. ते तिनेच कोरलं असं मानतात. नीट वाकून बघ, मैत्रिणी पुढे गेल्या तर जाऊ देत.

तटावर वारा खूप असतो, जॅकेट घे. आणि तिच्या पत्रांचं पुस्तक कुठे मिळालं तर घेऊन ठेव, पैसे मी पाठवते, सुट्टीत आलीस की मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखव.

तुझी आई