कासला जाण्याआधी आपला सडा

फोंडा, गोवा
नागपंचमी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र पोचले. नवा कॅमेरा घेतलास, त्याच्या जोडीला मॅक्रो लेन्सही घेतलीस आणि सप्टेंबरात कास पठारावर जाण्याचा बेत आखून त्यात मला न विचारताच माझे नावही घातलेस, हे वाचून बरे वाटले. कासला माझी ना नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेले ते पठार एकदा तरी पाहावे असेच आहे. पण तू गणेशचवथीला घरी येणारच आहेस, तर आठवडाभर आधी ये आणि ज्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आपण शाळा सुटल्यावर क्रिकेट खेळायचो, गुडघे फोडून घ्यायचो, त्याच सड्यावर आधी कॅमेरा घेऊन पोटावर आडवा हो. तिथे काय फुलते ते न पाहता दीड-दोनशे मैलांवरच्या फुलांसाठी धावणे मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे जरा सविस्तर लिहावे म्हणून आज सुट्टीचा दिवस साधून बसलो आहे.

आपला सडा म्हणजे तुझ्या आठवणीतला तापलेला, काळपट, मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येणार नाही असा जांभ्याचा कातळ. कासही जांभ्याचेच आहे, फक्त ते समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर, बेसॉल्टच्या माथ्यावर आहे आणि आपला सडा त्याच्या मानाने अगदी पायथ्याशी. उंची बदलली की फुलांच्या जाती बदलतात. परंतु कातळावर बोटभर मातीत, चार महिन्यांच्या पाण्यावर जन्म, फूल आणि बी हे सगळे उरकण्याची रीत दोन्हीकडे एकच. पाऊस लागला की सड्याच्या खोलगट भागांत पाणी साचते, खळग्यांतून वाहते, आणि जिथे पाणी किती खोल व किती दिवस टिकणार यात वितीचा फरक पडतो तिथे वनस्पतीही बदलते. अगदी उघड्या दगडावर शेवाळ, त्याच्या कडेला ओलसर मातीत कीटकभक्षी, पाणी साचते तिथे गेंद, आणि माती जरा जाड झाली की गवत. तू क्षितिजाकडे पाहत चाललास तर तुला फक्त हिरवे गवत दिसेल. उकिडवा बसलास की ही सगळी वस्ती निरनिराळ्या वाड्यांसारखी वेगळी होऊ लागते.

आपल्याकडे फुलांची आवड नाही असे कोण म्हणेल? आबोली, जाई, बकुळी, सुरंगी यांच्यावाचून बायकांचे डोके आणि देव्हारा रिकामाच वाटतो. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात तर पावसाळ्यात जायांची पूजाच होते. पण या आवडीची एक अट आहे: फुलाला वास हवा, किंवा गजऱ्यात गुंफता येईल असा देठ तरी हवा. सड्यावरच्या फुलांकडे यांतले काहीच नाही. बहुतेक फुले तांदळाच्या दाण्यापासून नखापर्यंतच्या आकाराची. म्हणून ती आपल्या डोळ्यांसमोर असूनही कोणी पाहिली नाहीत, आणि म्हणूनच कॅमेरा हे त्यांच्यासाठी योग्य साधन आहे, कारण लेन्सला वासाचे आणि गजऱ्याचे काही देणेघेणे नसते.

हंगाम मृगाच्या सरीपासून सुरू होतो. पहिल्या पावसानंतर काळ्या मुसळीची सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी थेट जमिनीला चिकटून उमलते. पाने नुकती वर येत असतात आणि फूल त्यांच्या बुडाशी बसलेले असते. तोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेकांना आंब्यांचा शेवट आणि छपराची गळती याखेरीज काही सुचत नाही, त्यामुळे ही चांदणी बिनबोभाट येऊन जाते. जुलैत पाऊस झोडपत असतो तेव्हा सड्यावर जाण्यात फारसा अर्थ नाही. त्या दिवसांत गडग्यांकडे, म्हणजे दगडी कुंपणांकडे, वळावे. जांभ्याच्या जुन्या गडग्यावर, चिऱ्यांच्या फटींतून, बेगोनियाची गुलाबी फुले लोंबतात. एकाच झाडावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी. मादी फुलाच्या पाठीशी पंख फुटलेला बीजकोश असतो, म्हणून बेगोनियाचा फोटो मागूनही काढायचा. कुंपणावर भूतकेस असतेच. त्याचे जे पांढरे पान लांबूनच डोळ्यांत भरते ते पान नसून मोठे झालेले एक निदल आहे, आणि खरे फूल म्हणजे त्याच्या शेजारचे नारिंगी, एवढेसे नळकांडे. आणि कळलावी! तिच्या पानाचे टोकच तणावा होऊन शेजारच्या फांदीला विळखा घालते, पाकळ्या हिरवट पिवळ्यापासून लालभडक होत जातात आणि परागवाहिनी काटकोनात वळून बाजूला निघते. झाड विषारी आहे, कंदात तर विष फारच, तेव्हा मुलांना घेऊन आलास तर एवढे सांगून ठेव.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की खरा सडा फुलतो. सध्या तोच चालू आहे. पाणथळ भागात गेंदाची पांढरी बटणे हजारोंनी उभी आहेत आणि त्यांच्या मधून सीतेची आसवे, म्हणजे युट्रिक्युलॅरियाची निळी-जांभळी फुले, वाऱ्याबरोबर हलतात. यांच्यातील एक मोठी जात खाली भातशेतीच्या मेरेवर, म्हणजे बांधावरही भेटते. तिची काडी गवताला वेढे घालीत वर चढते आणि निळ्या पाकळीवर मधोमध जाळीदार शिरांचा फिकट डाग असतो. परवा गुरांच्या खुरांनी उलटलेला चिखलाचा एक लगदा मला तयारच सापडला. तो घरी आणून बशीतल्या पाण्यात हलकेच धुतला आणि भिंगाखाली धरला, तेव्हा केसासारख्या धाग्यांना लागलेले टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक फुगे दिसले. हे त्या झाडाचे सापळे. झाड फुग्यातले पाणी बाहेर टाकून आत पोकळी तयार ठेवते. दाराजवळच्या केसाला सूक्ष्म जीव घासला की दार आत उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे डोळ्याची पापणीही त्याच्यापुढे रखडत चालते असे म्हणायला हरकत नाही. खरी मुळे या झाडाला नसतातच. पावसाने धुऊन निघालेल्या कातळावर नत्र जवळजवळ उरत नाही, ते हे झाड असे मिळवते. वर इतके नाजूक फूल आणि खाली चिखलात ही शिकार, हे कळल्यापासून मला सीतेची आसवे हे नाव जरा भाबडेच वाटते.

त्याच ओलीत दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या लाल केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब टिपायचे असतील तर सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्य समोर ठेवून बसायचे. उजेड पाठीमागून आला तर थेंब निस्तेज दिसतात, समोरून आला तर प्रत्येक थेंब वेगळा पेटतो. जरा कोरड्या जागी नभाळी असते. तिच्या परागकोशांच्या देठांवर जांभळ्या केसांची जी झुलपे असतात ती नुसत्या डोळ्यांना धूसर वाटतात आणि मॅक्रो लेन्समधून पाहिली की केस न् केस मोजता येतो. कवल्याची पिवळी फुले थोडी मागाहून येतील. तू येशील तेव्हा ती भरात असतील. तुमच्याकडे त्याला मिकीमाऊस म्हणतात ना?

तेरड्याविषयी मात्र थांबून लिहायला हवे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याची इतकी बदनामी केली आहे की त्या तीन दिवसांत फुलात काय घडते हे कोणी पाहतच नाही. सुरुवातीला परागकोशांची एकत्र जुळलेली टोपी स्त्रीकेसरावर चपखल बसलेली असते. कीटक मागच्या शेपटीतल्या मधासाठी आत घुसतो तेव्हा पराग त्याच्या पाठीला लागतात. पुढे ही टोपी गळून पडते आणि खालचे स्त्रीकेसर उघडे होते. म्हणजे फूल आधी नर असते आणि मग मादी. आमच्या विहिरीच्या कठड्याजवळच्या एकाच झुडपावर दोन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात. परसातला केना तर त्याहून वस्ताद. त्याची निळी फुले दुपारपर्यंत मिटतात एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याची काही फुले जमिनीखाली, कधीच न उमलता, स्वतःच्याच परागांनी बी धरतात. तण काढून बायका थकतात आणि केना हटत नाही, त्याचे एक कारण हेच.

आता फोटोंविषयी. तू पाठवलेले नमुने सुंदर आहेत, पण मला त्यांचा फारसा उपयोग नाही, हे स्पष्ट लिहितो. प्रत्येकात एक फूल आणि मागे लोण्यासारखी मऊ हिरवाई! फूल कोणाचे ते त्यावरून कसे सांगणार? ओळख पटवायची तर फुलाचा समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे फोटो हवेत, पान देठाला कसे जोडले आहे ते हवे, खोडावर लव आहे की नाही ते हवे, आणि एक फोटो झाड व त्याच्या आजूबाजूची जागा दोन्ही दाखवणारा हवा. सुबक फोटो त्यानंतर. लेन्सचे छिद्र एफ ८ ते एफ ११ वर ठेवलेस तर पाकळीपासून देठापर्यंत बरेचसे स्पष्ट येते. वारा मात्र पडलेला हवा, आणि तो आपल्याकडे सकाळीच पडलेला असतो. गेंदासारख्या पांढऱ्या फुलांना एक्स्पोजर थोडे कमी कर, नाहीतर पांढऱ्याचा नुसता डाग उरेल. आकाश ढगाळ असेल तर हळहळू नकोस, असा मऊ उजेड उन्हात मिळत नाही. तिपाई आणू नकोस. इतक्या खाली ती नडतेच. त्याऐवजी तांदूळ भरलेली कापडी पिशवी घे, तिच्यावर कॅमेरा टेकवला की हलत नाही. फोनचा कॅमेराही कमी समजू नकोस, फक्त तो जांभळ्याचा निळा करतो, म्हणून रंग वहीत लिहून ठेवावा लागतो. चांगल्या फोटोसाठी एखादे फूल खुडणे किंवा आजूबाजूचे गवत उपटून जागा मोकळी करणे, हे मी पाहिले आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही. ओल्या सड्यावर पाऊल कुठे ठेवतोस तेही पाहावे लागते, कारण पाय नेहमी कोणाच्या तरी अंगावरच पडतो. जमेल तिथे उघड्या दगडावरून चालायचे.

ओळखीसाठी माझा मुख्य आधार म्हणजे आर. शेषगिरी राव यांचे गोव्याच्या वनस्पतींवरील दोन खंड, जे १९८५-८६ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने काढले. भाषा शास्त्रीय आहे, चित्रांची चैन नाही. पण हातात ताजा फोटो आणि समोर ते वर्णन असले की दुपार कशी जाते कळत नाही. दुसरा आधार माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचा. चवथीच्या आधी फोंड्याच्या बाजारात रानातून आणलेले सामान विकायला बसणाऱ्या बायकांना माझे फोटो मी दाखवतो. कळलावी, भूतकेस, नागकुड्याची जोडफळे, कांगण्या यांची त्यांना खडान्‌खडा माहिती, कोणत्या डोंगरावर यंदा कमी आहे तेही त्या सांगतात. पण युट्रिक्युलॅरिया दाखवले की त्या हसतात आणि ‘तण रे ते’ म्हणून मोकळ्या होतात. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानेही १५६३ साली इथेच गोव्यात ग्रंथ छापला तो औषधी उपयोगाच्या वनस्पतींचा. जे खायला, औषधाला किंवा देवाला लागत नाही त्याची नोंद शेवटीच होते.

आणि ज्याची नोंद नाही त्या जागेवर बुलडोझर लवकर चालतो. सरकारी कागदांवर आणि लोकांच्या बोलण्यातही सडा म्हणजे पडीक जमीन: चिऱ्यांची खाण काढा, वसाहत उभारा, नाहीतर बांधकामाची माती आणि कचरा आणून टाका. आपल्या सड्याच्या पूर्वेकडच्या टोकाला गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी डबर ओतले. तिथे यंदा गेंद नाही, टाकळा माजला आहे. फुलांची किंमत ज्यांना समजत नाही त्यांच्याशी मी पाण्याविषयी बोलतो. जांभ्यातून मुरलेले पाणी सड्याच्या उतारावर झरीतून बाहेर पडते, त्यावर खालची कुळागरे, म्हणजे सुपारी आणि माडाच्या बागा, जगतात. वर काँक्रीट झाले तर झरी आटणार, हे बागायतदाराला फोड करून सांगावे लागत नाही. मात्र ग्रामसभेत तोंडाने सांगण्यापेक्षा सड्याच्या कुठल्या भागात, कोणत्या तारखेला, काय फुलले होते याचे फोटो पुढे ठेवले तर बोलण्याला वजन येते. म्हणून प्रत्येक फोटोची तारीख आणि जागा मी लिहून ठेवतो; जमिनीवरची आमरी (ऑर्किड) सापडली तर तेवढी जागा मात्र कोणाला सांगत नाही.

तुझ्या लेन्सने हे काम माझ्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी चांगले होईल, आणि तुला आधी बोलावण्यामागे हा माझा स्वार्थ आहे. देवळामागचा ओहोळ ते जुनी खाण एवढ्या पट्ट्याची नोंद माझ्याकडे तुटपुंजी आहे. ती आपण दोघे मिळून पुरी करू. रात्रीच्या बसने आलास तर पहाटे फोंड्याला उतरशील, मी घ्यायला येतो. येताना खराब झाली तरी चालेल अशी पँट, गुडघ्याखाली घ्यायला जाड प्लास्टिकचा तुकडा, लेन्स पुसायला सुती कापड आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकायला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आण. कासची नोंदणी ऑनलाइन करावी लागते, ती तूच कर आणि शनिवार-रविवार टाळ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी पातोळ्यांची हळदीची पाने राखून ठेवली आहेत, तेव्हा येण्याची तारीख पत्राची वाट न पाहता फोनवरच कळव.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा बालमित्र