पहिल्या घासाआधीच प्रमाण ठरावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत अतिखाण्यावर नुकताच जो लेख आला, त्याचे सारे सार ‘जिभेवर ताबा ठेवा’ या तीन शब्दांत मावते. लेखकाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु हाच सल्ला उभे आयुष्य ऐकत आणि तितक्याच नियमाने मोडत आलो असल्यामुळे सांगावेसे वाटते, की माणूस जास्त खातो ते दर वेळी हावरटपणामुळे नव्हे. बहुतेकदा समोर जास्त वाढलेले असते म्हणून खातो, आणि आपण जास्त खाल्ले हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

पोट भरल्याची जाणीव मुळातच उशिरा होते. अन्नाने जठर ताणले जाते, आतड्यांतून संप्रेरके (हार्मोन्स) स्रवतात आणि या दोन्ही खबरा मेंदूपर्यंत पोहोचून ‘आता पुरे’ असे वाटेपर्यंत साधारणपणे पंधरा ते वीस मिनिटे जातात. ज्याचे जेवण दहा मिनिटांत आटोपते, त्याला ही सूचना हात धुतल्यानंतर मिळते. सावकाश, नीट चावून खाण्याचा वडीलधाऱ्यांचा आग्रह म्हणूनच निराधार नव्हता. त्यातच झोप अपुरी झाली की भूक अधिक लागते, हाही पुष्कळांचा अनुभव आहे.

पण तृप्ती केवळ पोटावर अवलंबून नसते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात स्मरणशक्ती जवळजवळ गमावलेल्या दोन रुग्णांना दुपारचे जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा जेवण देण्यात आले, तेव्हा त्यांनी ते खाल्ले. इतकेच नव्हे, तर बहुतेक वेळा तिसऱ्या जेवणालाही सुरुवात केली. आपण जेवलो आहोत याची आठवण हीसुद्धा तृप्तीचाच भाग आहे, असा याचा अर्थ मी घेतो. पडद्याकडे नजर लावून जेवणारा माणूस ही आठवण आपण होऊन पुसट करत असतो, आणि तासाभराने पुन्हा डबे उघडू लागतो.

आता मूळ मुद्दा. आहार-संशोधक बार्बरा रोल्स यांच्या २००२ मधील प्रयोगात एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १००० ग्रॅमपर्यंत वाढण्यात आला, आणि सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी लोकांनी सर्वांत लहान वाढपापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक खाल्ले. भूक तीच, माणसे तीच, पदार्थही तोच. बदलले ते फक्त समोरचे प्रमाण. पदार्थाचा प्रकारही कमी महत्त्वाचा नाही. संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात तयार झालेले, आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात ती माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक घेत होती.

याचा पडताळा मला घरच्या वजनकाट्यावर मिळाला. तळलेल्या खाऊच्या एका पाकिटावर एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम असे छापले होते. तेवढे मोजून वाटीत ओतले, तर वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. मग रोज संध्याकाळी ‘थोडेसे’ म्हणून वाडग्यात काढून घेतो तेवढे अंदाजाने काढून काट्यावर ठेवले. ते ९५ ग्रॅम भरले. त्या दिवसापासून पाकिटातून थेट खाणे मी बंद केले. जेवणाची भांडीही आता ओट्यावरच राहतात. ताट तिथे वाढून आणायचे आणि आणखी हवे असल्यास दहा मिनिटे थांबून उठायचे. उठून जाण्याचा कंटाळा माझ्या निर्धारापेक्षा अधिक भरवशाचा ठरला, हे कबूल करायला हरकत नाही. ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी भरला तर एकूण ढीग लहान दिसत नाही, हेही ध्यानात आले. तेल मात्र बाटलीतून न ओतता चमच्याने मोजावे, कारण एका ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी असतात, तर प्रथिने व कर्बोदकांत प्रत्येकी ४.

‘लहान ताट घ्या’ या लोकप्रिय सल्ल्याविषयी मात्र थोडे जपून बोलायला हवे. ताटाचा आकार आणि खाणे यांवरील प्रयोगांसाठी नावाजलेले संशोधक ब्रायन वान्सिंक यांचे अनेक शोधनिबंध नंतर मागे घेतले गेले, आणि २०१८ मध्ये त्यांच्याच कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्याकडून संशोधनात गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला. लहान ताटाने काहीच होत नाही असे मी म्हणत नाही. पण भांडे हाताशी असेल, तर लहान ताट दोनदा भरायला कितीसा वेळ लागतो? त्याचप्रमाणे दिवसभर उपाशी राहून ‘भरपाई’ करण्याचा मार्गही फसवा आहे. संशोधक अन्सेल कीज यांच्या अमेरिकेत मिनेसोटा येथे झालेल्या १९४४-४५ च्या प्रयोगात महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलेल्या तरुणांपैकी अनेकांची भूक नंतर पोटभर खाऊनही शमत नव्हती. एखादे जेवण चुकवणे आणि असा प्रयोग यांत मोठे अंतर आहे, हे खरे. तरी कडकडून भूक लागलेला माणूस मोजून वाढत नाही, हे कोणीही घरी पाहू शकतो. आणि ज्यांना खाणे थांबवताच येत नाही, खाल्ल्यावर अपराधी वाटते, त्यांना वाटी-चमच्याचे हे उपाय सांगत बसू नये. त्यांनी डॉक्टरांकडे जावे.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीतील पाककृतींच्या खाली ‘चार जणांसाठी’ एवढेच छापलेले असते. शिजलेला पदार्थ एकूण किती वाट्या होतो आणि त्यातील किती एका माणसाच्या वाट्याला येतो, एवढी एक ओळ त्याखाली जोडता आली, तर वाढणाऱ्याला भांड्यात डाव घालण्यापूर्वीच तो आकडा दिसेल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक