सागाचे वाण पारखताना: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सागाचे चार वाण चार वेगळ्या पट्ट्यांत लावायचे म्हणताय, तसं लावू नका. उताराच्या पायथ्याशी माती खोल आणि ओल जास्त. तिथला वाण पुढे जाईल तो जमिनीमुळे, आणि श्रेय मिळेल वाणाला.

३ बाय ३ मीटरवर ८ झाडांच्या १० ओळी धरा, उताराला आडव्या. दोन ओळींचा एक गट, असे पाच. प्रत्येक गटात चारही वाणांची चार-चार झाडं चौकोनात. क्रम दर गटाला नव्यानं चिठ्ठ्या टाकून ठरवा. भोवती कडेची एक ओळ, ४० झाडांची. तिला ऊन-वारा जास्त, म्हणून ती मोजायची नाही. रोपं एकाच वयाची हवीत. एक वाण पिशवीतला आणि दुसरा जडीचा (मूळ-खोड छाटून लावलेल्या तुकड्याचा) असला, तर तुलना तिथेच संपली. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, महिन्याभरात भरा. त्यानंतर लावलेलं झाड हिशोबात नको.

किडीकडे मात्र बारकाईनं बघा, कारण सागावर दोन अळ्या येतात आणि त्यांची गल्लत होते. एक कोवळी पानं खाते, फक्त जाड शिरा उरतात. ती पानाची कड कापून दुमडते आणि आत लपते. दुमड हलकेच उलगडली की सापडते. दुसरी उशिरा, जून पानांवर येते आणि शिरांमधला हिरवा भाग खाते. पान आकाशाकडे धरलं की जाळी दिसते. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. पहिलीची वाढ दहा-बारा दिवसांत पुरी होते, म्हणून पालवी फुटल्यापासून दर आठवड्याला फेरी हवी. पानं किती खाल्ली त्याला गुण शून्य ते चार: काही नाही, पाव, अर्धं, पाऊण, त्याहून जास्त. गुण देणारा माणूस एकच असावा आणि त्यानं वाणाचं नाव बघू नये.

या झाडांवर फवारणी अजिबात नको, नाहीतर सगळेच वाण चिवट दिसतील. आणि एखाद्याची पालवी उशिरा फुटली म्हणून तो वाचला असेल, तर त्यानं कीड फक्त चुकवली. म्हणून पालवीची तारीखही लिहा.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा, तिथे रंगाची रेघ मारून. घेर १० टक्क्यांनी जास्त म्हणजे खोडाचा छेद २१ टक्क्यांनी मोठा, तेव्हा टेप सैल धरू नका. चार झाडांची सरासरी काढून आधी त्याच गटात तुलना करा. पाचपैकी एकाच गटात पुढे असलेल्या वाणावर माझा भरवसा बसणार नाही.

आई, गटांचा नकाशा तू वहीत काढून ठेव. खुंट्यांवरची नावं पावसात पुसतात.

तुमची लेक