माळीकाका, कढीपत्त्यावर पुन्हा अळ्या आल्या आहेत

माळीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही गावी जाऊन आठ महिने होत आले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले, पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी मी कढीपत्त्यावर मारायला औषधाचा पंप घेऊन खाली आले होते, आठवतंय? पानांवर पक्ष्यांची शिट पडावी तसल्या काळपट-पांढऱ्या अळ्या होत्या. तुम्ही मला अडवलं नाहीत. काडीने एकीला हळूच डिवचलंत. तिने डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. "भीती दाखवतीय तुम्हाला. महिनाभर थांबा ताई," एवढंच म्हणालात. अळ्या वाढल्या, हिरव्यागार झाल्या आणि एक दिवस दिसेनाशा झाल्या. रेशमाच्या धाग्याने कंबर फांदीला बांधून बसलेला कोष तुम्हीच मला शोधून दिलात. त्यातून निघालेल्या काळ्या फुलपाखराचे पंख वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही. पंप त्या दिवसापासून माळ्यावर आहे.

कुंपणाजवळची रुई काढून टाका, असं सोसायटीच्या बैठकीत ठरलं होतं. चीक डोळ्यांत जातो, ही भीती खोटी नव्हती. तुम्ही ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब, मागच्या कोपऱ्यात लावलीत आणि टिकवलीत. शनिवारी मारुतीला हार करायला आजी पानं न्यायच्या, तेव्हा "पान उलटून बघा, अंडं असलं तर ते राहू द्या" असं सांगायचात. प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या रुईवर वाढतात, त्या चिकातलं विष अंगात मुरवतात आणि म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, हे आमच्या मुलांना तुमच्यामुळे ठाऊक आहे. आता आजी स्वतःच पानं उलटून पाहतात.

फुटक्या घमेल्यातली ओली माती, तीत चिमूटभर मीठ. आम्हाला तो पसारा वाटायचा. नर फुलपाखरं तिथे क्षार शोषायला उतरतात हे दिसलं, तेव्हा गप्प झालो.

वांग्यांचं मात्र तुम्हाला खास सांगायचंय. त्या फुलातले पराग नुसत्या स्पर्शाने सुटत नाहीत, टोकाच्या बारीक छिद्रांतून ते थरथरीने झडतात. काळे भुंगे फूल कवटाळून गुणगुणतात ते त्यासाठी. तुम्ही वाळका बांबू जाळू दिला नाहीत, कारण त्यांची घरं त्यात होती. यंदा गच्चीवरच्या कुंड्यांत इतकी वांगी लागली की चार घरी वाटली.

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, पण पालापाचोळा रोज झाडून काढायचा. त्याला मी तुमच्याच शब्दांत थांबायला सांगितलं.

आणि हो, तुम्ही लावलेल्या पपनसावर काल राणी पाकोळी आली होती! २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेली तीच, ब्लू मॉरमॉन. कोवळ्या पानांवर थांबत थांबत फिरत होती. ती गेल्यावर मी पान उलटलं. पिवळट, मोहरीएवढं एक अंडं आहे. अळी बाहेर आली की फोन करते. दसऱ्याला इकडे याल ना?

तुमची,
बी विंगमधली ताई